बारा पानांची साक्ष

रघुवीर गुरुजी तेहतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून निवृत्त झाले, पण संशय घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. त्यामुळे २००९ च्या दिवाळीत लेक सुमेधा पुण्याहून महाडला आली आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, "बाबा, आम्ही कॉम्प्युटरला वाचायला शिकवतोय. इंटरनेटवरची पानं वाचून तो आपला आपण माहिती गोळा करतो," तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वाचलेलं खरं की खोटं, हे त्याला कोण सांगतं?"

"एकच गोष्ट बऱ्याच पानांवर सापडली की तो ती खरी धरतो."

"म्हणजे वर्गातला सगळ्यात भोळा पोरगा दिसतोय हा." बारा वह्यांत एकच चूक दिसली की बाराही जणांनी एकाचीच वही उतरवलीय, हे गुरुजी डोळे मिटून सांगत.

सुमेधा हसली. आपल्या भागाची माहिती तिनं मुद्दाम साठवून आणली होती. बाबांनी फक्त बरोबर की चूक सांगायचं, बटण ती दाबणार. तुडील गाव सावित्री नदीच्या काठी, बरोबर. शिवथरची घळ महाड तालुक्यात, बरोबर. गुरुजी प्रत्येक ओळ चोर पकडायला बसल्यासारखी न्याहाळत होते. पुढची ओळ आली: पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणच्या वरच्या वाडीतली शाळा रघुवीर गुरुजींनी सुरू केली. पानं बारा. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

"हे तर विचारायलाच नको," सुमेधा कौतुकानं म्हणाली.

"थांब. ती पानं दाखव."

बाराही पानांवर तेच वाक्य होतं, 'डोंगरमाथ्यावर ज्ञानाचा दिवा लावला' यासकट. गुरुजींनी ते लगेच ओळखलं. १९९१ साली शाळेच्या स्मरणिकेत त्यांनीच ते लिहिलं होतं. खरं तर ते वाडीवर रुजू झाले, तेव्हा गोमाजी नावाचा शेतकरी आपला गोठा रिकामा करून दोन वर्षांपासून पोरांना बाराखडी शिकवत होता. स्मरणिका निघाली तेव्हा तो हयात नव्हता. त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि साधंच विचारलं, "गुरुजी, ह्यांचं नाव कुठं नाय त्यात?" छपाईत राहिलं असेल, असं म्हणून गुरुजींनी वेळ मारून नेली होती. आता लेकीसमोर त्यांना लाजेनं मान वर करवेना.

"चूक दाब," ते म्हणाले.

"बाबा, बारा पानं आहेत."

"बाराही जणांनी एकच वही उतरवलीय. ती वही माझी." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सुमेधानं चूक दाबली. मग तिनं गोमाजीचं नाव लिहिलं. पडद्यावर आलं: साक्ष एक, खात्री कमी.

"आणखी कुणीतरी सांगायला हवं," ती हळूच म्हणाली.

"बयाबाई आहेत. उद्या पोलादपूरची पहिली एसटी धरतो."

"त्यांना काय विचारणार?"

"विचारायचं काय," गुरुजी म्हणाले. "त्यांनी विचारून अठरा वर्षं झाली."