मेंदूत बसलेली सासू

"आली, आली! सखूवैनी आली!"

ओवे गावातला तो हॉल माणसांनी फुलला होता. माझी भाची समीक्षा खुर्चीत बसली होती. उदयसिंह महाराजांनी तिच्या डोक्याला आठच्या आकड्यासारखी चकती लावली. टक्! तिचा अंगठा आपोआप उडाला आणि समोरच्या पडद्यावर मेंदूच्या चित्रात लाल ठिपका पेटला.

"ही बघा, इथे बसलीय सासू!" महाराज गरजले. "एकदम लाइव्ह! अमेरिकेत याला वर्षाचं वेटिंग, इथे फक्त श्रद्धा लागते!"

समीक्षाला कॉलेजपासून फिट येतात. गेल्या वर्षी सासू सखूबाई पाणी मागत मागत वारल्या, तेव्हा ही फिट येऊन बाजूलाच पडली होती. तेव्हापासून तिला त्यांची हाक ऐकू येते. गोळ्यांमुळे आत्मा आत कोंडतो, असं महाराजांनी सांगितलं आणि एकवीस दिवस गोळ्या बंद करवल्या. आज चौथा दिवस होता.

"मावशी, तुम्हीपण बघा बसून," ती म्हणाली.

मी बसले. टक्! रोज पहाटे माळेचे मणी ओढणारा माझा अंगठा माझ्या मनाविरुद्ध हलला. पडद्यावर लाल ठिपका. दुसऱ्या दिवशी जपाला बसले, तर मणी मी ओढतेय की कोणी ओढवून घेतंय, हेच कळेना.

जप सुटला. हात गळ्याशी गेला, मंगळसूत्राला लागला आणि मी थबकले. दोन वर्षांपूर्वी डोक्याचा एमआरआय काढताना मी ते उतरवायला तयार नव्हते. "काकू, त्या चुंबकाजवळ धातू चालत नाही," असं नर्सने बजावलं, तेव्हा गळ्यात दोऱ्याने हळकुंड बांधून मी आत गेले होते. मग महाराजांनी मंगळसूत्रासकट माझ्या मेंदूचा फोटो काढला कसा?

आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर इलाना राहतात. मेंदूच्याच डॉक्टर, धर्माने ज्यू. त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी त्या माझ्याबरोबर निघाल्या. "सूर्यास्ताला शब्बाथचे दिवे लावायच्या आत परत यायचं हां," म्हणाल्या. व्रतं पाळणाऱ्या मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

हॉलमध्ये त्या शांतपणे म्हणाल्या, "महाराज, अंगठा खरंच हलतो. चुंबकाचा झटका मेंदूतल्या हाताच्या जागेवर बसला की हलणारच. आम्हीही असा झटका देतो. पण फोटो?" त्यांनी ओटीतला एक नारळ उचलून खुर्चीत ठेवला. "याचा काढा."

"निर्जीव वस्तूत तरंग नसतात, ताई!"

"दाबा ना म्हाराज," समीक्षाच्या नवऱ्याचे, मितेशचे काका दाजी मागून ओरडले, "नारलाचं काय जातंय?"

टक्! पडद्यावर तोच मेंदू, तोच लाल ठिपका.

मग दाजी म्हणाले, "आयला, सखूवैनी नारलान पन हाय!"

मितेशने महाराजांचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला. बटण दाबलं की आधीच करून ठेवलेला व्हिडिओ सुरू व्हायचा, एवढंच. "झटका देता देता मेंदूचं चित्र घेतात, हे खरं आहे," इलानाताई म्हणाल्या. "पण त्यासाठी माणसाला मोठ्या यंत्रात झोपवतात, चकतीही वेगळी लागते. झटक्याचा परिणाम मेंदूत कुठवर पोचला, ते त्यात दिसतं. मेलेलं माणूस दिसत नाही. आणि फिट येणाऱ्याला असा झटका दिला, तर त्यानेच फिट येऊ शकते. गोळ्या अशा अचानक बंद केल्या, तर जिवावरही बेतू शकतं."

लोक महाराजांवर धावून गेले. समीक्षा तिथेच बसून राहिली.

"मावशी, त्या माझ्यात नाहीत, तर मला माफ कोण करणार?"

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. इलानाताईंनी तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तशी गोळी मितेशने तिला तिथेच दिली.

हाक तिला अजून कधीकधी ऐकू येते. त्यासाठी ती एका समुपदेशक बाईंकडे जाते, रडते, बोलते.

मी व्रतं करते, पुढेही करीन. माझ्या देवाला पडदा लागत नाही, वायर लागत नाही. पण औषध सोडा असं सांगणारा कोणीही भेटला, भगव्यातला असो की पांढऱ्या कोटातला, तर त्याच्याकडे पुरावा मागा. हात जोडून मागा, पण मागा. समीक्षाचे चार दिवस आम्ही मुकाट्याने जाऊ दिले. पाचवा तिला सुखरूप दिसला, हे आमचं नशीब.