दाराचा सिनेमा

आमच्या व्हिडिओ लायब्ररीचे दोन भाग होते, एक दादाचा आणि एक माझा. दादाच्या भागात मारामाऱ्या, गाणी, भुतं आणि ऐन लग्नात होणारे गैरसमज. माझा भाग म्हणजे मागच्या भिंतीवरच्या तीन फळ्या, जिथे पंख्याचं वारं पोचत नसे. दादा त्याला ‘रडका कप्पा’ म्हणायचा. एखादं गिऱ्हाईक तिकडे वळलं की तो पुढून ओरडायचा, “जाताय खरे, पण तिथल्या सिनेमात काही होत नाही हां! माणूस खिडकीबाहेर बघतो, संपलं.”

“सगळेच नाही,” मी म्हणायचे. “काही भिंतीकडेही बघतात.”

हा कप्पा एका मोठ्या खोक्यातून आला होता. कुठलासा फिल्म क्लब बंद पडला, तेव्हा दादाने त्यांच्या दीडशे कॅसेट न बघताच उचलून आणल्या आणि मग आठवडाभर कपाळाला हात लावून बसला. एकही ओळखीचा चेहरा नाही, निम्म्या काळ्या-पांढऱ्या. मला दुपारचं दुकान सांभाळायचं असे आणि दुपारी कुणी फिरकत नसे. मी एकेक लावून बघायला लागले. शाळा माझी मध्येच सुटलेली. माझं इंग्रजी सिनेमाच्या तळाशी येणाऱ्या ओळी वाचून झालंय, त्यामुळे अजूनही मला एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त बोलता येत नाही.

पाहिलेल्या प्रत्येक कॅसेटच्या डबीत मी एक चिठ्ठी घालायचे. ‘पहिली वीस मिनिटं काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. उठू नका.’ ‘घरात नुकतंच भांडण झालं असेल तर हा आज नेऊ नये.’ ‘जेवून बघा, यात सारखे खातात.’ माझा नियम एकच होता. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही.

पोटात दुखेपर्यंत हसावं असा हा नियम ठरला, ते पुढे येईलच.

चष्मेवाले पहिल्यांदा आले ते दादासाठी नवा चष्मा घेऊन. त्यांचं दुकान चार गल्ल्या पलीकडे होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॉलेजात. दादा चष्मा लावून आरशात स्वतःला निरखत होता, तोवर हे मागे आले, एक डबी उघडली आणि चिठ्ठी हात लांब करून वाचली. स्वतःचा चष्मा कपाळावर आणि तिथेच विसरलेला.

“हे कुणी लिहिलंय?”

“मी.”

“मग हाच द्या.”

तीन दिवसांनी कॅसेट परत आली. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘बघता बघता एक भिंग घासायला घेतलं होतं, ठेवून दिलं.’ एवढंच. मी ती ओळ किती वेळा वाचली, हे वहिनीला न सांगितलेलंच बरं.

मग तो शिरस्ताच पडला. मी चिठ्ठी लिहायची, त्यांनी मागे एक ओळ लिहायची. कॅसेट परत देताना उलटी फिरवून द्या, अशी पाटी दुकानात होती आणि सबंध गावात ती पाळणारे ते एकटेच. आणखी एक. अख्खं गाव मला ताई म्हणायचं. दूधवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे मास्तरसुद्धा म्हणायचे. चष्मेवाल्यांनी कधी म्हटलं नाही. “अहो,” म्हणायचे आणि थांबायचे, जणू पुढचा शब्द त्यांना सापडत नसे.

वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. “वन्सं, चष्मेवाल्यांची नजर अधू झालीय का हो? आठवड्यातून तीनदा येतात, आणि सगळं अगदी जवळ येऊन बघावं लागतं त्यांना.”

“वहिनी, चहा उतू जातोय.”

“चहा कुठे ठेवलाय मी?”

त्या खोक्यात एक सिनेमा होता, त्याचं नाव मलाही वाचता यायचं नाही आणि चष्मेवाल्यांनाही. आम्ही त्याला दाराचा सिनेमा म्हणायचो. नदीकाठी एक बाई एकटी राहते. एक माणूस नावा दुरुस्त करतो. तो काही ना काही निमित्ताने तिच्या घरी येतो, दोर मागायला, डांबर परत द्यायला. दोघं हवापाण्याखेरीज काही बोलत नाहीत. शेवटी पावसात तो तिच्या दाराशी येऊन उभा राहतो. आतून ती कडीवर हात ठेवते. तो दार वाजवत नाही, ती उघडत नाही. पडदा काळा होतो आणि टीव्हीवर मुंग्या सुरू.

मी अर्धा तास मुंग्यांकडे बघत बसले होते. मग लिहिलं, ‘शेवट चुकवू नका. दार उघडत नाही. उघडायची गरजही नाही.’

याची डबी इतरांपेक्षा दुप्पट जाड होती. आत एक खाच कॅसेटची आणि दुसरी रिकामी. मला वाटलं, परदेशी लोक, डब्याही ऐसपैस करत असतील. त्या रिकाम्या खाचेत आमच्या चिठ्ठ्या छान मावायच्या. चष्मेवाल्यांनी तो सिनेमा पाच वेळा नेला. शेवटाबद्दल आम्ही गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तासन् तास बोललो असू. तो गेला असेल का, की अजून उभा असेल? तिला तो आलेला कळलंय का? ते म्हणायचे, कळलंय, तिचा अंगठा बघा. मी परत लावून अंगठा बघायचे.

पाचव्यांदा कॅसेट परत द्यायला आले तेव्हा मुलीच्या शहरात कायमचं जायचं ठरलं होतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान आवरून झालं होतं. दादा बाहेर गेलेला. त्यांनी डबी ठेवली, पण हात काढला नाही.

“अहो, एक विचारू? त्याने दार वाजवायला हवं होतं का? तुम्हाला काय वाटतं?”

आता हा प्रश्न सिनेमाचा नव्हता, हे एखाद्या ठोंब्यालाही कळलं असतं. पण मला तेव्हा माझ्या जाणकारीचा केवढा तोरा! मी म्हटलं, “छे! वाजवलं असतं तर मग आपल्या दादाच्या कप्प्यातला सिनेमा झाला असता. न वाजवण्यातच तर सगळं आहे.”

त्यांनी डबीवरचा हात काढला.

“बरं,” म्हणाले. मग सभासदांच्या वहीत आपल्या नावापुढे मुलीचा पत्ता लिहिला. “काही नवीन आलं तर कळवा.”

ते कोपऱ्यावरून वळल्यावर मी डबी उघडली. चिठ्ठीच्या मागे काही नव्हतं. कॅसेट उलटी फिरवलेली नव्हती. शेवटावरच थांबलेली होती. मीही ती कधी फिरवली नाही.

याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात सीडीच्या चकत्या आल्या, माझा कप्पा तीन फळ्यांचा सात फळ्यांचा झाला, मग लोक फोनवर बघायला लागले. नवीन पुष्कळ आलं. कळवलं काही नाही. काय कळवणार? दरवेळी पत्र लिहायला बसले की ती चिठ्ठीच व्हायची, आणि चिठ्ठी घालायला डबी नसायची.

गेल्या महिन्यात दादाने दुकान बंद करायचं ठरवलं. “रडक्या कप्प्याचं तू बघ बाई,” म्हणाला, “मी हात लावला तर ओरडशील.” मी एकेक डबी पुसून, उघडून, आतलं तपासून खोक्यात भरत होते. सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीला टेकून, क्लबाच्या त्याच खोक्यातून आलेली एक डबी होती. ‘पोहायला शिका.’ दिवाणखान्यात बसून पोहायला कोण शिकणार? ती कुणी कधी नेली नाही, म्हणून मीही कधी उघडली नव्हती.

आत पोहणं नव्हतंच. आतल्या कॅसेटवर तेच न वाचता येणारं नाव होतं, तोच पांढरा कागद, तेच अक्षर. पुढे आकडा दोन.

पहिल्या कॅसेटवर ‘एक’ हा आकडा होता. मला वाटायचं, तो क्लबाचा नंबर.

मी खालीच बसले. वहिनी धावत आली. “काय झालं? झुरळ?”

“वहिनी, सिनेमा अर्धाच होता.”

“कुठला?”

“दाराचा. मी इतकी वर्षं अर्ध्याला शेवट म्हणत होते. लोकांना सांगत होते, चुकवू नका म्हणून!”

वहिनी आधी हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली आणि शेजारी फरशीवर बसली. “अशा सिनेमांना शेवट नसतोच, असं तुम्हीच सांगायचात ना?”

“तेच तर. मला संशयसुद्धा आला नाही.”

दुकानातलं शेवटचं मशीन अजून चालत होतं. बटण दोनदा दाबावं लागतं आणि वर एक चापट. लावलं. तोच पाऊस, तेच दार, तिचा हात कडीवर, तो अंगठा. एक, दोन, तीन. आणि त्या बाईने कडी काढली. काही गाजावाजा नाही, संगीत नाही, दार उघडलं. बाहेर पायरी ओली, माणूस नाही. खाली घाटावर एक नाव सुटत होती. ती अनवाणी उंबऱ्याबाहेर आली.

मी मशीन थांबवलं.

“अहो, लावा ना पुढे!” वहिनी ओरडली. तिने या कप्प्यातलं आयुष्यात पहिल्यांदा काही बघितलं होतं. “सापडतो की नाही तो?”

“माहीत नाही.”

“मग बघा की!”

नाही बघवलं. एकटीने तर नाहीच. कॅसेट तशीच काढली, सभासदांची वही उघडली आणि नवी चिठ्ठी लिहिली. नियम मोडून लिहिलेली माझी ही पहिलीच. ‘हा भाग राहून गेला होता. चूक माझी. दार ती उघडते. पुढचं मी पाहिलेलं नाही.’ खाली सही करायला गेले आणि अडखळले. इतक्या वर्षांत माझ्या चिठ्ठीखाली सही कधी लागलीच नव्हती. तशीच बंद केली. पार्सल मी स्वतः नेऊन दिलं. पोस्टातल्या बाईने विचारलं, “आत काय आहे?” मी म्हटलं, “पोहायला शिका.” डबी तीच होती ना.

पहिले काही दिवस मी स्वतःला समजावलं की पत्ता बदलला असेल. मग समजावलं की मुलीने फेकून दिलं असेल. मग समजवायचं सोडून दिलं आणि फळ्या पुसायला घेतल्या, ज्या आधीच पुसलेल्या होत्या.

नवव्या दिवशी पोस्टमन आला. “ताई, पार्सल. हे तुमचंच परत आलंय की काय?”

डबी तीच. मी कॅसेट उजेडात धरली. टेप जिथे मी थांबवली होती तिथेच होती, उघड्या दारापाशी, केसभरही पुढे सरकलेली नाही. पाहिलेलीच नाही. मग चिठ्ठी उलटली.

अक्षर तेच, बारीक.

‘अहो, इथे मशीन नाही. तुमचं चालतं का अजून? मंगळवारी येऊ शकतो.’

समोर दादा भंगारवाल्याशी बोलत होता. फळ्या, काऊंटर, पाटी, सगळं ठरत होतं. भंगारवाल्याने मशीनवर हात ठेवला, “आणि हे?”

“हे नाही,” मी म्हटलं.

“अगं, पण ते नेहमी चालतं कुठे?” दादा म्हणाला. “चापट मारावी लागते.”

“मी मारेन,” मी म्हटलं. “बाकी सगळं देऊन टाक. आणि दोन खुर्च्या ठेव.”

वहिनीने आतून डोकं बाहेर काढलं. “तीन ठेवा. मलाही बघायचंय तो सापडतो का.” मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं, दोनच ठेवा. मला नंतर सांगा.”