चौदाव्या सोमवारचा रिपोर्ट

धुळ्याच्या हिलालसरांच्या पोटात दुखायला लागलं ते नवलच्या आवाजामुळे.

रोज सकाळी सातला हॅम रेडिओवर, म्हणजे हौशींच्या बिनतारी संचांवर, खान्देशातली पाच-सहा मंडळी जमत. रामराम झाला की दुसऱ्याचा आवाज कसा पोचतोय त्याचा खरा रिपोर्ट द्यायचा, हा त्यांचा रिवाज. तोंडदेखलं बोलणं तिथे पाप. असोद्याचा नवल हा सरांचाच आयटीआयमधला विद्यार्थी. सोल्डरिंग कसं धरायचं हेसुद्धा सरांनीच शिकवलेलं. त्याने जुन्या सेटमध्ये दोन महिने खपून आवाज गाळून स्वच्छ करणारा नवा फिल्टर बसवला आणि जो तो म्हणू लागला, "नवलभाऊ, समोर बसून बोलताय जसं!"

आणि सरांना काय? "बरा आहे, सर."

बरा! चाळीस वर्षं ज्याने पोरांना शिकवलं, त्याला बरा! सरांनी आपला सेट उघडला. माईकचा सगळा भाग नव्याने जोडला, अर्थिंगची तार तुळशीपाशी खोल पुरली. जेवताना घास हातात धरून ते पुटपुटत, "त्याच्यात असं काय आहे?"

त्यांच्या पत्नी भिकुबाई ऐकून घेत. त्यांचे सोळा सोमवार चालू होते. सोमवारी उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन, आणि मौन सुटायचं ते महादेवाच्या नावाने. त्या दिवशी चौदावा सोमवार होता. सेटच्या टेबलापासून चार हातांवर देव्हारा; त्या गंध उगाळत होत्या.

रेडिओवर नवल म्हणाला, "सर, कालच फिल्टर पक्का केलाय. बाकीचे कौतुकच करतात, पण मला तुमचा कान पाहिजे. कसा आहे आवाज?"

आवाज काचेसारखा स्वच्छ होता. सरांनी माईकचं बटण दाबलं; ते दाबलेलं असेपर्यंत इथलं सगळं तिकडे ऐकू जाई.

"मागे घरघर आहे रे, नवल. फिल्टरच चुकलाय. काढून टाक."

बोलून झालं, पण अंगठा बटणावरून उठेना. मनात कसं गार गार वाटत होतं. आता हा बसेल तार उसवत, जातील त्याचे दोन महिने पाण्यात.

मागे सहाण थांबली.

"काय खोटं बोली राह्यनात?" भिकुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू. "कसानी घरघर? पोऱ्याना आवाज चांगला शे. त्याले उघाडू देऊ नका."

सरांनी दचकून अंगठा उचलला. क्षणभर नुसती खरखर. मग पिंपळनेरचे लोटनभाऊ हसत सुटले.

"अक्का, एक नंबर! शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू आलं!"

नवलही बोलला, जरा थांबून. "सर, माईकचं काम काय जमलंय तुमचं! अक्का लांब होत्या ना? तरी अक्षर न् अक्षर पोचलं." पुढे त्याचा स्वर उतरला. "मग... फिल्टर काढू का ठेवू?"

इतके दिवस ज्या वाक्यासाठी सर झुरले ते शेवटी आलं, पण मिळालं भिकुबाईंच्या आवाजाला. सगळा खान्देश उत्तराची वाट पाहत होता.

"ठेव," सर म्हणाले. "घरघर नव्हती. माझ्या मनात होती."

सेट बंद करून ते वळले. भिकुबाईंनी गंधाची वाटी खाली ठेवली होती.

"तुझं मौन मोडलं."

"मोडनं," त्या म्हणाल्या. "पुढला सोमवार पहिला."

सरांनी सेटवर कापड टाकलं. मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण खरं सांग, त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला येतो का गं?"

भिकुबाई महादेवावर पाणी घालू लागल्या.