उघडी मुळे आणि मी

मी एक जुनी चाळण आहे. पत्र्याचे कडे आणि तारेची जाळी, एवढाच माझा जीव. माझ्या अंगाला भोके आहेत म्हणून लोक नावे ठेवतात. मी मात्र त्यांना डोळे म्हणते. मित्रांनो, इतके डोळे असल्यावर चौकसपणा अंगी येणारच. खाली काय गेले, वर काय राहिले आणि का राहिले, हे पाहिल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

रविवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. कारागिराने जाळी ताणून बसवली, टिचकी मारून पाहिली आणि मला खिळ्याला अडकवले. धायरीच्या सोजरबाईंनी मला विकत घेतले, तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. त्यांची शेती होती. ज्वारी, बाजरी, हरभरा, सगळे माझ्यातून गेले. "सोजरबाईची चाळण लई चांगली," असे म्हणत शेजारणी मला मागून न्यायच्या. परत आणायचे तेवढे विसरायच्या.

पुढे त्या शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका इमारतीत सोजरबाई, त्यांचे यजमान गेनबा आणि मुलगा इंद्रजीत राहायला गेले. पीठ पिशवीतून येऊ लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे शिट्टी हरवलेला एक कुकर आणि आकाशकंदिलाचा सांगाडा माझे सोबती होते. दोघेही अबोल. मला तर वाटले, आता आपले सगळे डोळे धुळीने मिटणार.

पण इंद्रजीतचे लग्न झाले आणि कर्वेनगरची शेफाली सून म्हणून घरात आली. लग्नात मैत्रिणींनी तिला ऑर्किडचे रोप दिले होते, ते तिने खिडकीत ठेवले. वर्षभरातच तिच्या आई, निशाताई, वारल्या. त्यांच्या गॅलरीत अडेनियमचे झाड होते. फुगीर बुंधा, थोडी पाने आणि गडद गुलाबी फुले. काही जण त्याला वाळवंटातला गुलाब म्हणतात. त्याला शेंगांची जोडी धरली होती आणि दवाखान्यात जाण्याआधी निशाताईंनी त्या शेंगांना दोरा गुंडाळून ठेवला होता. शेफालीने पिकलेल्या शेंगा आणल्या. निशाताईंच्या मागे झाडाकडे कोणी लक्ष दिले नाही आणि ते पावसात कुजून गेले. आईच्या हातचे असे आता हे बीच तेवढे उरले होते. ते शिळे झाले की उगवत नाही, म्हणून लगेच पेरायला हवे होते.

बी पेरण्यासाठी आणलेल्या विटांच्या खड्यांमधली धूळ काढायला तिला चाळण हवी होती. सोजरबाईंनी मला माळ्यावरून उतरवले, पण हातातून सोडवेना.

"दाण्याची चाळण ती. तिच्यात इटा चाळतीस?"

"अहो आई, धूळ राहिली की पाणी धरून ठेवते. या झाडाला पाणी साठलेलं चालत नाही."

"पानी नको? मंग झाड कशाला म्हनायचं त्याला?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. शेताची सवय असलेल्या चाळणीला असे झाड कसे ठाऊक असणार? मी कान, म्हणजे डोळे, टवकारून पाहू लागले. शेफालीने दोरा सोडला आणि शेंग उकलली. आत बारीक तपकिरी बिया, आणि प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमासारखा झुपका! पंख्याच्या वाऱ्याने एक बी उडाली आणि थेट गेनबांच्या वर्तमानपत्रावर बसली. तेव्हा मला त्या दोऱ्याचे कारण कळले. मिठाईच्या डब्याला खालून भोके पाडून, त्यात खडे आणि जाड वाळू भरून शेफालीने बिया आडव्या ठेवल्या आणि वर वाळूची नुसती भुरभुर घातली. आठवड्याभरात त्यांतून हिरवी टोके वर आली. खालचा भाग आतापासूनच गुबगुबीत. सोजरबाई रोज वाकून बघायच्या आणि हसायच्या.

ऑर्किडशी मात्र त्यांचे जमेना. त्याची मुळे कुंडीबाहेर लोंबायची. कोरडी असली की चंदेरी, पाणी मिळाले की हिरवी.

"हे बांडगूळच की गं!"

"बांडगूळ नाही हो. ते झाडाचं काही खात नाही, नुसतं फांदीवर बसतं."

"मंग ह्यांच्यावानी म्हन की," गेनबांकडे बघत सोजरबाई म्हणाल्या. गेनबांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

रोपे चांगली बोटभर झाली, मोठ्या कुंडीत गेली आणि शेफालीला कामासाठी बेंगळुरूला जावे लागले. जाताना ती म्हणाली, "अहो आई, झाडांना पाणी नको हं. अजिबात नको. मी आल्यावर बघेन."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. पाहुणा "नको, नको" म्हणाला की आपण आणखी एक पोळी वाढतो. सोजरबाईंना वाटले, सासूला त्रास नको म्हणून पोर असे म्हणते आहे. मग रोज सकाळी तुळशीला घातल्यावर तांब्यात उरलेले पाणी त्या ऑर्किडला आणि अडेनियमला घालू लागल्या. तुळशीचे पाणी टाकून द्यायचे नाही, हीही त्यांची रीतच. त्यात अडेनियमचे गुबगुबीत बुंधे मातीवर उघडे दिसत होते. शेतात मूळ उघडे पडले की मातीची भर घालतात. सोजरबाईंनी मऊ काळी माती आणली, माझ्यातून चाळली आणि बुंधे गळ्यापर्यंत झाकले. ऑर्किडची मुळेही प्रेमाने मातीत दाबली. मी सगळे पाहत होते. माझ्यातून इतकी मऊ माती कधी पडली नव्हती, आणि माझा जीव नुसता खालीवर होत होता.

शेफाली परत आली तेव्हा रोपे आडवी झाली होती. बोट लावले तर बुंधा पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला. ती तशीच जमिनीवर बसली आणि रडू लागली.

"उघडी मुळं बघवंनात मला," सोजरबाई म्हणाल्या. "येवढी भर घातली, जीव लावला. तुझ्या आईचं हाय, म्हनून जास्तच."

"ठाऊक आहे हो मला. म्हणूनच तुमच्यावर रागावताही येत नाही," शेफाली रडत म्हणाली.

मला त्या दोघींचीही दया आली. अति तेथे माती म्हणतात ना, ती मी माझ्या डोळ्यांनी पडताना पाहिली होती.

मग सोजरबाईंनी पदर खोचला. दोघींनी ऑर्किडची मुळे मातीतून मोकळी केली आणि अडेनियमची रोपे उपटून धुतली. शेफालीने ब्लेडने कुजका भाग कापला, आत पांढरा घट्ट गर लागेपर्यंत. बहुतेकांना तो लागलाच नाही. एकाला लागला. सोजरबाईंनी देवघरातल्या धुपाची राख त्या कापावर चोळली, आल्याच्या बेण्याला चोळायच्या तशी. मला खिडकीत टांगून ते रोप माझ्यात सुकत ठेवले. खालून वारा, वरून वारा आणि पाण्याचा थेंब नाही. सोजरबाई रोज तांब्या घेऊन यायच्या, रोपाकडे बघायच्या आणि तशाच परत जायच्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड काम होते.

जखम सुकली, रोप पुन्हा खड्यांत बसले आणि जगले. माझी जाळी मात्र विटांनी कडेला फाटली होती. गेनबा म्हणाले, "भंगारात द्या." सोजरबाई म्हणाल्या, "हिच्यात पानी ऱ्हात न्हाई. त्या लोंबत्या मुळांना हिच्याबिगर जागा न्हाई." ऑर्किडची मुळे धुऊन, झाडाच्या सालीच्या तुकड्यांसकट त्यांनी ते रोप माझ्यात बसवले आणि मला तारेने टांगले.

यंदाच्या उन्हाळ्यात अडेनियमला कळी आली. घर नुसते तिच्याभोवती फिरत होते. फूल उमलले आणि शेफालीचा चेहरा उतरला. ते गडद गुलाबी नव्हतेच. पांढरे होते, फक्त कडेला गुलाबी.

"बियांपासून तसंच येईल असं नसतं, माहीत होतं मला," ती म्हणाली. "तरी वाटलं होतं, आईचं फूल दिसेल."

सोजरबाईंनी फुलाकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. "तू तरी कुठं आईवानी दिसतीस? ती गोरी, उंच. पन म्हनून तू तिची न्हाईस व्हय?"

शेफाली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पुढे त्या फुलाच्या जागी शेंगांची जोडी धरली आणि एके दिवशी सोजरबाईंनी ती शेफालीला दाखवली. आपल्याच लुगड्याचा दोरा काढून त्यांनी ती कधीच बांधून ठेवली होती.

मित्रांनो, जीव लावा, पण पाणी घालण्याआधी एकदा मातीत बोट घालून बघा, आणि कोणी "नको" म्हणाले तर का ते विचारा. काही मुळांना झाकणे म्हणजेच माया असते, काहींना उघडे राहू देणे. माझ्या डोळ्या-डोळ्यांतून आता ऑर्किडची चंदेरी मुळे बाहेर आली आहेत. ती तोडल्याशिवाय मला कोणी माळ्यावर ठेवू शकणार नाही.