शिकवता येत नाही म्हणून

पिन वाकली होती. साधीच, खांद्याशी पदर टाचायला लावतात तसली. पण टोक असं उलटं वळलेलं की आता ती कुठल्याच कापडातून पार जाणार नाही... सुनेत्राने ती मुठीत मिटली आणि शिक्षकखोलीच्या खिडकीतून खाली पाहत राहिली. पटांगणात शिपाई संध्याकाळच्या सभेसाठी बाकं मांडत होते. वेलकर सर बोलणार होते, मुंबईवर, महाराष्ट्रावर. शाळेचे मुख्याध्यापक, दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. ते बोलायला उभे राहिले की अख्खं गिरगाव गप्प होतं, आणि आपण — आपण तर सगळ्यांच्या आधी.

परवा मधल्या सुट्टीत ती आशियाचा नकाशा आणायला नकाशांच्या खोलीत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर सर पाठमोरे, आणि सर नि भिंत यांच्यामध्ये राधाबाई — जूनमध्ये नोकरीला लागलेली, विशीतली पोर — एक हात सरांच्या छातीवर रेटलेला, पदर घसरलेला. चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. नुसती दमछाक होती, खूप वेळ एखादं जड दार ढकलत राहावं आणि ते हलूच नये, तशी. सर वळले. "या सुनेत्राबाई, तुमचा नकाशा वरच्या फळीवर आहे," ते म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. राधाबाई बाजूने निघून गेली. आणि सुनेत्राने — हेच तिला दोन रात्री गिळवत नव्हतं — खरोखरच हात उंचावून नकाशा काढला, वर्गात नेऊन टांगला, मुलींना हिमालय दाखवला. राधाबाईच्या पदराची ती पिन तिने शाळा सुटल्यावर त्या खोलीतल्या फरशीवरून उचलली. कशासाठी उचलली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काल राधाबाईला 'येऊ नका' असं कळवलं गेलं. ते सरांनीच शिक्षकखोलीत सांगितलं, हळहळून सांगितलं. मुलगी होतकरू आहे, पण शिकवता येत नाही, काय करणार... सगळ्यांनी माना हलवल्या. सुनेत्राचीही मान हलली असावी. शेजारच्या वर्गातून राधाबाईचा आवाज तिने सहा महिने ऐकला होता. तो आवाज चालू असताना पोरी इतक्या शांत असत की सुनेत्रा स्वतःच्या वर्गावर उगाच चिडायची.

नानांना तिने सगळं सांगितलं. नाना संस्कृत शिकवत, शाळेत सर्वांत जुने. डोळे मिटून त्यांनी ऐकून घेतलं. "खोटं आहे असं मी म्हणत नाही, बाई," ते म्हणाले, "पण आत्ता? विरोधकांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं? मुंबई मिळू दे. मग बघू." मग... म्हणजे सर आणखी मोठे झाल्यावर. तेव्हा कोण बघणार, आणि कोणाच्या डोळ्यांनी?

पण नानांचं जाऊ दे. बंडूला काय सांगायचं? छप्पन्न सालच्या जानेवारीत ठाकुरद्वारच्या नाक्यावर गोळी मांडीत शिरून तिचा धाकटा भाऊ रस्त्यात पडला होता, आणि सगळी दारं बंद असताना एकच माणूस गल्लीतून धावत बाहेर आला. त्याने बंडूला खांद्यावर टाकलं, पोलिसांच्या समोरून चालत गेला, थेट हॉस्पिटलात. कोट रक्ताने चिंब झालेला. रात्री आईने त्या माणसाचे पाय धरले, तेव्हा सर ओशाळून मागे सरले होते... तेही खरं होतं ना? ते ओशाळणं? आज सकाळी लंगडत दारापर्यंत येऊन बंडू म्हणाला, "ताई, पुढची जागा धरून ठेव माझ्यासाठी."

काल संध्याकाळी ती वरळीला गेली होती, बीडीडी चाळीत. दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, नुकतीच मिलमधून आलेली राधाची आई मीराबाई, केसांत अजून कापसाचे तंतू. राधाने चहा दिला. कप ओठांशी नेताना सुनेत्राचा हात थांबला — क्षणभरच, पिढ्यान्‌पिढ्यांचं काहीतरी मनगटात अडकल्यासारखा — आणि तो थांबलेला राधाने पाहिला. नजर दुसरीकडे वळवली. सुनेत्राने चहा घटाघटा प्यायला, जीभ पोळली.

"मला परत यायचं नाही त्या शाळेत," राधा म्हणाली. "पण शिकवता येत नाही म्हणून काढलं, एवढं त्यांनी मागे घ्यावं. या चाळीत मी पहिली मास्तरीण, बाई. पोरी माझ्याकडे बघून दप्तर उचलतात."

मीराबाई जिन्यापर्यंत पोचवायला आली. "बोलनार असाल तर बोला. नसाल तर तसं सांगा," ती म्हणाली. "पोरीला आशेला लावू नका."

आता ती शिक्षकखोलीतून उठून गेली तेव्हा सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. सर भाषणाची उजळणी करत होते, ओठांतल्या ओठांत. तिला पाहून हसले.

"बंडूचा पाय काय म्हणतो?"

"थंडीत ठणकतो." आणि मग, धीर सुटण्याआधी घाईघाईने, "सर, राधाबाईंना शिकवता येतं. मी ऐकलंय."

सरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर किती बरं झालं असतं.

"तुम्ही याल, ठाऊक होतं मला. मन मोठं आहे तुमचं. पण वस्तीवस्तीत फरक असतो, बाई. रडवेली झाली होती, धीर द्यायला मी खांद्यावर हात ठेवला. तिने भलताच अर्थ घेतला. तुम्ही तर पाहिलंतच."

तुम्ही पाहिलंतच... आणि सुनेत्राला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलावा तसं. खांद्यावर हात, धीर द्यायला, असेलही. दोन दिवस आपण याचीच तर वाट पाहत होतो, की सर काहीतरी सांगतील आणि आपल्याला ते पटेल, आणि बंडू, आई, नाना, सगळं जागच्या जागी राहील. किती सोपं होतं पटवून घेणं. नुसतं 'हो सर' म्हणायचं. ते शब्द जिभेवर आलेसुद्धा, आणि ते हायसं वाटणंच तिला एकाएकी किळसवाणं वाटलं.

तासाची घंटा झाली.

"वर्ग आहे ना तुमचा?" सर मायेने म्हणाले.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. सरांपुढे न विचारता ती आजवर कधी बसली नव्हती. काय बोलायचं ते तिला अजून सुचत नव्हतं, बोलता येईल याचीही खात्री नव्हती. पण राग शोधावा तर तो कुठेच सापडेना. होतं ते सुतक होतं. तीन वर्षं ज्या माणसाला तिने मनात देवासारखं बसवलं होतं तो तिच्या आत कुठेतरी मेला होता, आणि समोर बसलेला हा माणूस काळजीने विचारत होता, "काय झालं, सुनेत्राबाई? पाणी देऊ?"