फावडंभर माती

थोरलीचा जीव आज एका फावड्यात अडकला होता.

शेतकी खात्याच्या बाई दोघी जावांच्या शेतातली एकेक फावडं माती उचलून गांडुळं मोजणार. जिच्याकडे जास्त, तिच्या शेतावर आसपासच्या बायका शिकायला येणार.

धाकटीकडेच येणार.

तीन वर्षांपूर्वी धाकटीनं उघड्या जमिनीवर पालापाचोळा पसरला, तेव्हा थोरली म्हणाली होती, "मातीला अंथरूण घालतेस की काय गं?" बायका पोट धरून हसल्या होत्या. आता त्याच बायका धाकटीच्या बांधावर गप्पा मारत बसतात. थोरलीच्या बांधावर?

पुढचं थोरलीनं सांगितलं नसतं. ते असं, की आज उजाडताना ती धाकटीच्या खताच्या खड्ड्याशी गेली, घमेलंभर गांडुळं उचलली, आपल्या टोमॅटोच्या ओळीत पुरली, वर तांब्याभर पाणी ओतलं.

धाकटीचं फावडं: एकोणीस.

"आमच्याकडे इथं खणा, बाई," थोरली म्हणाली. "नाही, जरा अलीकडे."

थोरलीचं फावडं: चौतीस.

बायका कुजबुजल्या. थोरलीनं पदर सारखा केला. धाकटीचा चेहरा पडलेला बघायला वळली, तर ती चौतिसांकडे कौतुकानं बघत होती. मेली.

बाईंनी एक गांडूळ तळहातावर घेतलं. "ही लाल जात खताच्या खड्ड्यातली. शेणात, कुजलेल्या पाल्यात वाढते. उघड्या शेतात तग धरत नाही. ही आजच आणलीत ना, ताई?"

थोरलीचे कान तापले.

"मीच दिली," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, शेतात सोडली की झालं. माझं अज्ञान, बाई. त्यांना कशाला विचारता?"

बाई हसल्या. कागदावर धाकटीचं शेत लिहून पुढं निघाल्या. बायका मागोमाग.

"खोटं का बोललीस?" थोरलीनं दात आवळून विचारलं.

"मग काय, सगळ्यांसमोर तमाशा होऊ द्यायचा, जाऊबाई?"

"भांडायचं होतंस. चोर म्हणायचं होतंस."

"म्हणून काय झालं असतं?"

आपल्याला निदान हिच्यात एक खोट सापडली असती, हे थोरली बोलली नाही.

"उद्या पाला घेऊन येते तुमच्याकडे," धाकटी म्हणाली. "आधी माती झाकू. गांडुळं मग आपली आपण येतात."

"ये," थोरली म्हणाली. आणि ते एक अक्षर उच्चारताना तिला धाकटीचा जितका राग आला, तितका तीन वर्षांत आला नव्हता.