क्लचमध्ये अडकलेलं बेलणं

मी बेलणं बोलतोय. पुण्यामुंबईकडे मला लाटणं म्हणतात, म्हणोत बापडे. गोंडपिपरीच्या आमच्या घरात असलं नाजूक नाव चालत नाही. अस्सल आलापल्लीचं सागवान आहे मी! अंगाला ग्रीसचा वास येतोय ना? नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

सुताराच्या खरादावर पलंगाचा पाय घडवताना उरलेला तुकडा, तो मी. मनकर्णाबाईनं मला बाजारात उचललं, तळहातांत फिरवून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. तेव्हापासून तिच्या हाताखाली पोळ्या लाटल्या, मांजरं हाकलली. तिचा नवरा देवराव दुपारी फार घोरू लागला की त्याच्या कानाशी पोळपाटावर वाजायचं कामही माझंच. सुखाचे दिवस होते हो!

देवरावला व्यसन एकच, अंगणातली जुनी जीप. दर रविवारी तो तिचं इंजिन उघडायचा. पुन्हा बंद केलं की दोन-तीन बोल्ट उरायचेच. "जास्तीचे होते," म्हणून मोकळा!

खास हत्यार विकत आणणं तर त्याला अपमान वाटायचा. सायकलच्या तारेचा त्यानं हूक केला. ऑइल फिल्टर हातानं फिरेना, तर कमरेचा पट्टा काढून त्याला आवळला आणि फिरवला. पट्टा काळा झाला, मग पुतण्याच्या लग्नात गडी पँटीला नाडा बांधून मिरवला.

शेवटी मनकर्णाचं डोकं फिरलं.

"अवो, धान घरी आलं का वाळवाचं कुठी? तुमच्या जीपच्या टपावर? रविवारी भंगारवाल्या लटारूले बोलावलं मी. सुरू झाली तं ठेवा, नाई तं जाऊ द्या."

देवराव जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. लेक हर्षा जन्मली तेव्हा याच जीपमधून त्यानं तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. हसायला येतं त्याचं, पण त्या दिवशी मलाही वाईट वाटलं.

बिघाड क्लचचा होता. नवी क्लचप्लेट आणली होती, पण ती बरोबर मधोमध बसवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून पुढे जातच नाही. देवरावनं नुसत्या नजरेनं बसवून पाहिली. गिअरबॉक्स काही केल्या सरकेना.

हर्षा मोबाइल घेऊन आली. "बाबा, व्हिडिओत एक दांडी घालून राह्यले पाहा. समोरून बारीक, मांगून जाड. ते घातलं का प्लेट आपोआप मधात येते."

देवरावची नजर हळूच स्वयंपाकघराकडे वळली.

रविवारी सकाळी मनकर्णा पाण्याला गेली आणि मेल्यानं मला पळवलं! चाकूनं माझं टोक तासलं, पोटाला काळी टेप गुंडाळली. अगाई गं, काय आग झाली अंगाची! मग जीपखाली शिरून मला प्लेटमधून थेट इंजिनात खुपसलं. आणि काय सांगू, फिट्ट बसलो! प्लेट मधोमध आली, बोल्ट आवळले गेले. आता मला बाहेर काढायचं, की गिअरबॉक्स चढवायचा.

म्हटलं, आता पाहतोच तुला. मी निघालोच नाही. खरं सांगायचं तर त्यानं टेप जरा जास्तच गुंडाळली होती, पण निम्मा हट्ट माझा. त्यानं पकडीनं ओढलं, दोरी बांधून ओढलं, शिव्या दिल्या, मग हात जोडले. मी ढिम्म.

तेवढ्यात फाटकावर लटारूच्या पिकअपचा हॉर्न वाजला. पाणी घेऊन परतलेली मनकर्णा घरातून ओरडली, "हर्षा, बेलणं कुठी आहे वो?"

"मले काय मालूम, आई!" हर्षा आभाळाकडे पाहत म्हणाली.

मनकर्णा बाहेर आली, जीपखाली वाकली. माझा मागचा दांडा तिला दिसला.

"हे माझं बेलणं नोहे काय?"

"नाई…" जीपखालून आवाज आला. "म्हणजे, होतं."

लटारू खो-खो हसत खाली बसला. देवराव सरपटत बाहेर आला. तोंडभर ग्रीस, आणि डोळ्यांत पाणी. "हर्षाची माय, एक डाव काढून दे. मंग तू म्हणशीन ते."

मनकर्णानं पदर खोचला, पोतं अंथरलं आणि आत शिरली. तिचे दोन्ही हात माझ्यावर पडले मात्र, माझा सगळा रुसवा उतरला. तिनं मला दोन्ही तळहातांत धरून पोळीवर फिरवते तसं मागं-पुढं फिरवलं, आणि मी सुळकन बाहेर! लटारूनंच हात लावून गिअरबॉक्स चढवला. दुपार कलताना जीप खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. देवराव तर नाचायचाच बाकी राहिला.

मनकर्णानं हात पुढे केला. "चाबी द्या."

"कायले?"

"मी म्हणीन ते, असंच म्हणाले ना? बेलणं माझं, काढलं म्या. आता गाडी बी माझी. चालवाले शिकवा मले."

देवरावचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लटारूसमोर दिलेला शब्द, गिळणार कुठे?

आता शेतातून धान मनकर्णाच आणते. देवराव शेजारी जीव मुठीत धरून बसतो आणि मी सीटखाली, हत्यारांत. पोळ्यांना नवं बेलणं आलंय. पण बाई क्लचवरचा पाय कधी उचलतच नाही हो! परवापासून प्लेट जळाल्याचा वास येतोय. वाचकहो, तुमच्या पाया पडतो, कुणीतरी तिला सांगा. मला पुन्हा त्या भोकात जायचं नाही!